अर्धी सुपारी

आषाढ लागला की आवडाबाईच्या घरात पोरंच पोरं होत. ओटीवर, माजघरात, चुलीवरच्या दोरीवरसुद्धा पोरं लटकलेली असत. कुणी पाळण्यात, कुणी जिवतीच्या मांडीवर, कुणी रांगत कागदाच्या अगदी कडेपर्यंत आलेलं. सगळी कागदाची. मुरुडच्या ओल्या हवेत रंग लवकर सुकत नाही, म्हणून ती आठआठ दिवस तशीच डुलत राहत, आणि खाडीकडून वारा आला की सगळी एकदम कुजबुजू लागत. खरं मूल त्या घरात एकही नव्हतं. त्याबद्दल गावाला जे काही बोलायचं होतं ते वीस वर्षं बोलून झालं होतं. नवरा वारल्यावर तर बोलण्यातही कुणाला गोडी राहिली नव्हती.

आवडाबाई जिवतीचे कागद चितारायची. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागतो आणि दर शुक्रवारी बाया आपल्या लेकरांना आयुष्य मागत त्याची पूजा करतात. वर नरसिंह, खाली कालियाच्या फण्यावर कृष्ण, बाजूला हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती, आणि मधोमध पोरांच्या घोळक्यात जिवती. दापोलीच्या बाजारात असले छापील कागद ढिगाने मिळत, गुळगुळीत आणि गुलाबी. पण छापील कागदात खोताची पोरं आणि खलाशाची पोरं एकाच तोंडावळ्याची, आणि मोजून तितकीच. आवडाबाईकडे तसं नव्हतं. तिच्या सासऱ्याने, गंगाराम चिताऱ्याने, नेम घालून दिला होता की ज्या घरात जितकी पोरं, तितकीच त्या घरच्या कागदावर काढायची.

त्यासाठी आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात घराघरांतून तिच्याकडे पुरचुंड्या येत. पुरचुंडीत पोरामागे एक सुपारी, हळदीचं बोट लावलेली. कागद तयार झाला की त्याच्याबरोबर सुपाऱ्या परत जात आणि श्रावणभर जिवतीपुढे बसत. घरात पोर जन्मलं की पुढच्या वर्षी एक सुपारी वाढायची, पोर गेलं की एक कमी व्हायची. कमी झाली तर आवडाबाई काही विचारायची नाही. तेवढं एक पोर काढायचं नाही, एवढंच.

काम करताना ती या जगात फारशी नसायची. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून पाटाएवढा उजेड जमिनीवर पडे. त्या उजेडाबरोबर ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकत राही. शेजारी तांबड्या कावेची वाटी, काजळीची वाटी, निळीची वाटी, काजूच्या डिंकाचं पाणी आणि पानाचा डबा. एक पान जमवायचं, एक पोर काढायचं. दुपारनंतर डोळे अर्धे मिटत, पण हात चालूच असे. अशा वेळी कागदावरची पोरं तिच्याशी बोलत, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी म्हणे मला टोपडं दे, कुणी म्हणे त्याच्याशेजारी मला बसवू नको, तो चिमटे काढतो. ती हसे आणि त्यांचं ऐके. लोकांना काय सांगायचं, की पन्नाशीची बाई कागदातल्या पोरांची भांडणं सोडवत बसते?

अशाच एका दुपारी, आठ वर्षांपूर्वी, भागूबाईच्या घरचा कागद करताना तिच्या कुंचलीतून कावेचा एक जाड थेंब पडला. पडला तो नेमका जिवतीच्या पायाशी. दोन दिवसांचं काम फुकट जाणार होतं. आवडाबाईने थोडा वेळ त्या थेंबाकडे बघितलं, मग त्याला बाह्या काढल्या, वर वाटोळं डोकं काढलं, आणि थेंबाचं लाल झबलं घातलेलं पोर झालं. भागूबाईने सुपाऱ्या पाठवल्या होत्या दोन, कागदावर झाली तीन. थोरला नातू दहा वर्षांचा, धाकटा आठाचा, सुनेची, गंगाची, कूस त्यानंतर उजवली नव्हती. आणि पुढच्या ज्येष्ठात गंगाला मुलगी झाली. तिचं नाव जनी.

झालं. भागूबाई बागायतदारीण, तिचं तोंड सगळ्या पाखाडीला पुरून उरणारं. आवडीच्या हातात जिवती उतरते, तिला पुढचं दिसतं, असं तिने दारोदार सांगितलं. ज्या बाया वांझेच्या हातची जिवती घरात नको म्हणून छापील कागद आणत होत्या, त्या पुरचुंड्या घेऊन ओटीवर येऊन बसायला लागल्या. देवरूखहून एसटीने पुरचुंड्या यायला लागल्या. आवडाबाईने थेंबाची गोष्ट कुणालाच सांगितली नाही. खोटं ती बोलली नाही, पण खरंही बोलली नाही, आणि पाया पडायला वाकणाऱ्या बायांना तिने कधी अडवलं नाही. तिला ते आवडलं होतं. वीस वर्षं तोंड चुकवून चालल्यावर कुणाला आवडणार नाही?

चौऱ्याऐंशी सालच्या आषाढात सगुणाची पुरचुंडी आली. सगुणा तिची जुनी मैत्रीण, हर्णैच्या वाटेवर समुद्राला लागून घर. नवरा धोंडू मासेमारीच्या होडीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. पोरं तीन. थोरली विमला, धाकटा शिवा आणि मधला लवू. लवू एकोणीस वर्षांचा असताना एका मालाच्या गलबतावर खलाशी म्हणून गेला होता. दोन वर्षांपूर्वी वैशाखात ते गलबत मंगळूरहून निघालं आणि पोचलंच नाही. सहा माणसांपैकी दोघांची प्रेतं कारवारकडे लागली. बाकीच्या चौघांचं काहीच कळलं नाही. त्यांत लवू होता. ना पत्र, ना तार, ना कपड्याचा तुकडा. सगुणा ना रडली, ना हसली. ती रोज संध्याकाळी दारात उभी राहायची, एवढंच. दोन्ही वर्षी तिच्या पुरचुंडीत सुपाऱ्या तीनच होत्या.

या वर्षी आवडाबाईने दुपारी कागदावर जिवती बसवली, मग पोरं काढायला पाटावरच्या सुपाऱ्या मोजल्या. दोन. तिने परत मोजल्या, पाटाखाली हात फिरवला. दोनच. सगुणीने मनाची समजूत घातली तर, असं तिला वाटलं, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. लवूला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिने विमला काढली, शिवा काढला, आणि मधली जागा मोकळी दिसू नये म्हणून तिथे एक कमळ काढलं. आठ दिवसांनी धोंडू येऊन कागद आणि सुपाऱ्या घेऊन गेला. पुरचुंडी त्याने उघडूनही पाहिली नाही.

श्रावणातला पहिला शुक्रवार झाला. दुसराही झाला. त्यानंतर एका सकाळी भागूबाई मोठ्या तोऱ्यात ओटीवर येऊन बसली.

"आवडे, तुजा हात म्हंजे काय सांगू. सगुणीची सुटका केलीस बघ."

"कसली सुटका, भागूकाकी?"

"अगो, तिने पाठवलेल्या सुपाऱ्या तीन. नि कागदावर पोरं किती? दोन. आधी म्हने सुपारी वाटेत पडली असंल, मग कागद उलगडला नि मटकन खाली बसली. जिवतीनंच सांगितलं म्हने, माजा लवू नाय. तवापासून रडतेय. दोन वर्सांत डोळ्यांतनं टिपूस नव्हतं, आता खळ नाय. धोंडूनं भटजींना विचारलं. येत्या सोमवारी पळसाच्या पानांचा पुतळा करून, त्याला अग्नी देऊन लवूचे दिवस घालनार हायत."

भागूबाई आणखी बरंच बोलली. आवडाबाईला ते लांबून ऐकू येत होतं. ती गेल्यावर आवडाबाईने सवयीने पान लावायला डबा पुढे ओढला. खालच्या कप्प्यात, जिथे कातरलेली सुपारी असते तिथे, तिच्या बोटांना एक अर्धुक लागलं. अडकित्त्याने मधोमध कातरलेली सुपारी. पाठीवर पिवळं हळदीचं बोट.

आवडाबाई खायची सुपारी हळदीत बुडवत नसे. कुणीच बुडवत नाही. तिने ते अर्धुक तळहातावर घेतलं आणि तिला ती दुपार आठवली, काचेच्या कौलातला उजेड, मिटत आलेले डोळे, पाटावरच्या पुरचुंडीकडे गेलेला स्वतःचा हात. अडकित्त्याचा कट् असा आवाज. लवूची सुपारी तिने पानात घालून खाल्ली होती. अर्धी चघळत तिने त्याच्या आईच्या कागदावर त्याच्या जागी कमळ काढलं होतं आणि वर रडलीही होती.

तिने चूळ भरली. परत परत भरली. तरी तोंडातली चव जाईना.

मग हळूहळू तिला एक वाट दिसायला लागली, आणि वाट बरी होती. कावेची वाटी आणि कुंचली फडक्यात बांधायची, सगुणाकडे जायचं आणि म्हणायचं, काल जिवती माझ्या स्वप्नात आली. म्हणाली, आवडे, चुकलीस, तिसरं पोर काढ. की झालं. सोमवारचा पुतळा राहील, सगुणाचे डोळे पुसले जातील, आणि आवडाबाईच्या हाताला कुणी नावं ठेवणार नाही, उलट देवी तिच्या स्वप्नात येते हे देवरूखपर्यंत जाईल. तिने कावेची वाटी आणि कुंचली फडक्यात बांधली, अर्धुक कनवटीला खोचलं आणि ती निघाली.

पाऊस थांबला होता. किनाऱ्याच्या वाटेवर केवड्याचं बन टपटपत होतं आणि समुद्र दुधी, आभाळाच्याच रंगाचा, कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं ते कळत नव्हतं. चालता चालता तिला वाटलं, मागून पोरं येतायत. सगळ्या घरांची, सगळ्या वर्षांची, लाल झबली, पिवळी टोपडी, ओल्या वाळूवर पावलं न उमटवता. ती वळली नाही. त्यांना आज तिच्याकडे मागायचं काहीच नव्हतं, ती नुसती बरोबर चालत होती, आणि त्यामुळे तिला जास्तच अवघड झालं. ही एवढी पोरं तिने काढली ती कुणाचं तरी खरं मूल तिथे आहे म्हणून. आणि आज ती एक पोर काढायला निघाली होती, ते आहे की नाही हे ठाऊक नसताना, आहे म्हणून सांगायला. सगुणा मग त्या शब्दावर दारात उभी राहील. या वर्षी, पुढच्या वर्षी, म्हातारी होईपर्यंत. 

धोंडू पडवीत जाळ्याला गाठी मारत बसला होता. "या वैनी," तो म्हणाला आणि मान खाली घातली. आत सगुणा भिंतीला टेकून बसली होती, तोंड सुजलेलं. समोरच्या भिंतीवर कागद. शेजारी भागूबाई, सांत्वनाला आलेली. सांत्वन करायचं असलं की भागूबाई सगळ्यांच्या आधी पोचायची.

आवडाबाई खाली बसली. "सगुणे," ती म्हणाली, "काल माज्या सपनात..."

सगुणाने मान वर केली. त्या डोळ्यांत असं काही एकदम जागं झालं की आवडाबाईला पुढचा शब्द काढवेना. तिने कनवटीचं अर्धुक काढून सगुणाच्या हातात ठेवलं.

"सपन नाय. ही लवूची सुपारी. मी खाल्ली गो. चुकून. कामात ध्यान नव्हतं, हात गेला नि पानात घातली. मला दोनच दिसल्या, म्हनून दोनच पोरं काढली. जिवतीनं काय सांगितलेलं नाय. मी खाल्ली."

धोंडूची जाळ्याची गाठ थांबली. भागूबाई मात्र हसली, समजूतदारपणे.

"आवडे, तुजं मन मऊ हाय, ठावं हाय मला. पन सुपारी तुला खायला लावली कोनी? तिनंच. आमच्या जनीच्या वेळी..."

"जनीच्या वेळी कावेचा थेंब सांडला व्हता, काकी," आवडाबाई म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "कागद फुकट जाईल म्हनून मी त्याचं पोर केलं. मला काय दिसलं नाय. कदी दिसत नाय. आठ वर्सं मी गप ऱ्हायले, कारन तुमी पाया पडायचात नि मला बरं वाटायचं."

भागूबाईचं तोंड उघडं राहिलं, मग घट्ट मिटलं. "म्हंजे आमची जनी रंगाचा थेंब काय?" असं म्हणून ती उठली, पदर खोचला आणि दाराकडे गेली. पण उंबरठ्यावर थांबली. बाहेर पुन्हा पावसाची सर आली होती, का आत काय होतं ते ऐकायचं होतं, कोण जाणे.

सगुणा हातातल्या अर्धुकाकडे बघत होती.

"म्हंजे लवू हाय का नाय, ते तुला ठावं नाय."

"नाय."

"तिला?" सगुणाने भिंतीवरच्या जिवतीकडे मान केली.

"तिचं मला काय ठावं. मी नुसती चितारनारी."

"पंधरा दिस मी रडले, आवडे," सगुणा हळू आवाजात म्हणाली. "दोन वर्सांनी रडू आलं. रात्री झोप लागली. वाटलं, गेला तर गेला, कळलं तरी. नि आता तू येऊन म्हनतेस, सुपारी खाल्ली. मी काय करू आता? परत दारात जाऊन उभी ऱ्हाऊ?"

 आवडाबाईला फक्त लाज वाटत होती, आणि लाज वाटून सगुणाला काही उपयोग नव्हता.  पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"तुला शिव्या घालाव्याशा वाटतायत," सगुणा म्हणाली.

"घाल."

"घालनार हाय. पन आदी ती वाटी सोड. कशाला आनलीस, ठावं हाय मला." ती उठली, भिंतीवरचा कागद कडेने अलगद सोडवला आणि जमिनीवर पसरला. "काढ त्याला."

"सगुणे, तो हाय असं मी नाय म्हनू शकत."

"तुला कोन म्हनायला सांगतंय?" सगुणाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला झाली तीन. आता हायत किती, ते तुला ठावं नाय, मला ठावं नाय. पन झाली तीन. मी पोटातनं काढली. धोंडूला सोमवारी पुतळा करायचा तर करू दे, त्याच्या जिवालाबी काय तरी पायजे. मी दारात उभी ऱ्हायची तर ऱ्हाईन. कागदावर मातूर माजी तीन पोरं पायजेत."

धोंडू पडवीतून आत आला आणि कागदाच्या दोन कडा धरून बसला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

आवडाबाईने कुंचली ओली केली. एवढ्या वर्षांत तिने कुठल्याच पोराला आईसमोर काढलं नव्हतं. तिने जागा शोधली. जिवतीच्या मांडीवर शिवा होता, पाळण्यात विमला, मध्ये ते कमळ. रिकामी जागा होती ती खाली, कृष्णाच्या पायाशी, कालियाच्या डोहाकाठी. तिने तिकडे कुंचली नेली.

"पान्याजवळ नको," सगुणा म्हणाली.

तिने हात उचलला. मग जिवतीच्या पाठीशी, खांद्यावरून डोकावणारं एक डोकं काढलं. सगुणा वाकून बघत होती. केस असे नव्हते, म्हणाली, उभे ऱ्हायचे, तेल लावलं तरी. आवडाबाईने केस उभे केले. डाव्या भुवईत खोक होती, झाडावरनं पडला व्हता. आवडाबाईने कावेच्या रेघेत तेवढी जागा मोकळी सोडली. कान मोठे. आणखी मोठे. मग हात काढायची वेळ आली आणि तो हात आवडाबाईने जिवतीच्या खांद्यावर ठेवला, पोरं आईला मागून येऊन धरतात तसा. सगुणाने तोंडात पदर कोंबला. धोंडूने कडा सोडल्या नाहीत, पण तोंड भिंतीकडे केलं. आवडाबाईचे डोळे या वेळी कोरडे होते आणि चांगले उघडे होते. तिला एकही पोर बोलताना ऐकू येत नव्हतं, आणि हात मात्र कधी नव्हे इतका नीट चालला होता.

रंग कागदात मुरेपर्यंत तिघं कागदाभोवती बसून राहिली. सर केव्हाच थांबली होती. भागूबाई अजून उंबरठ्यावर होती. गावभर सांगायला तिच्याकडे आता भरपूर होतं. आवडीने सुपारी खाल्ली, आवडीने आठ वर्षं फसवलं, उद्यापर्यंत हर्णैला पोचणारच होतं. पुढच्या आषाढात किती पुरचुंड्या येतील याचा अंदाज आवडाबाईने बोलताबोलताच बांधला होता, आणि तो फार मोठा नव्हता. भागूबाई परत आत आली. खाली बसली नाही. कागदावरच्या त्या उभ्या केसांकडे बघत राहिली.

"आवडे," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "माजे दोन गेले. देवीच्या सातीत, एका आठवड्यात. तुज्या सासऱ्यानं पुढच्या वर्सी मोजून एकच पोर काढलं. मी बी काय बोलले नाय. तेवा बोलायची पद्धत नव्हती."

आवडाबाईने वर बघितलं. भागूबाईला तीन पोरं झाली होती, हे गावात आता कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना एकच मुलगा ठाऊक होता, गंगाचा नवरा.

"नावं काय त्यांची, काकी?"

"केरू," भागूबाई म्हणाली, आणि दुसरं नाव सांगायला तिला बराच वेळ लागला.